वेळास परिसर : प्रेक्षणीय स्थळे, क्षेत्रभ्रमंती आणि पाहुण्याची मर्यादा

प्रस्तावना

कोकण किनाऱ्यावरील गावांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बरेचसे लेखन स्थळांच्या यादीच्या स्वरूपाचे असते. एक समुद्रकिनारा, एक प्राचीन मंदिर, एक किल्ला, मासळीचे किंवा उकडीच्या मोदकांचे जेवण आणि सूर्यास्त असा त्याचा क्रम ठरून गेला आहे. या पद्धतीत गाव मागे पडते आणि स्थळे तेवढी सुटी सुटी उरतात. ही स्थळे एकाच ठिकाणी का आली, त्यांचा परस्परांशी संबंध काय आणि ती टिकून राहण्यासाठी कोण काय करते, हे प्रश्न बहुधा विचारले जात नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. समुद्री कासवांच्या संरक्षणामुळे हे लहानसे गाव गेल्या दोन दशकांत महाराष्ट्राला परिचित झाले. दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तेथे मोठ्या संख्येने पर्यटक येतात व त्यांत महाविद्यालयीन सहलींचाही समावेश असतो. प्रस्तुत लेखात वेळास व परिसरातील प्रेक्षणीय स्थळांचा आणि तेथे करता येण्याजोग्या भ्रमंतीचा परिचय करून दिला आहे. त्याबरोबरच एक मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे. वेळास येथे पाहण्याजोगे जे आहे ते राखले गेले म्हणून पाहावयास मिळते. त्यामुळे येथे येणाऱ्या पाहुण्याचे, विशेषतः विद्यार्थ्यांना घेऊन येणाऱ्या शिक्षकाचे वर्तन हा त्या राखणीचाच एक भाग ठरतो.

१. स्थान आणि भूरूप

महाबळेश्वर येथे उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर, महाडवरून वाहत येऊन हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्या मधून अरबी समुद्रास मिळते. हिचे मुख बाणकोटची खाडी या नावाने ओळखले जाते. खाडीच्या उत्तरेस रायगड जिल्हा व दक्षिणेस रत्नागिरी जिल्हा आहे. बाणकोटच्या दक्षिणेस, समुद्राला लागून असलेल्या डोंगरांच्या कुशीत वेळास वसले आहे. महाड–मंडणगड मार्गे रस्त्याने येथे येता येते. श्रीवर्धन–हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांना बागमांडले ते वेश्वी या जलमार्गावरील वाहने वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने खाडी ओलांडता येते.

या परिसराचा पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय उद्रेकांतून निर्माण झालेल्या काळ्या कातळाचा आहे. त्यावर उष्ण व दमट हवामानात झालेल्या दीर्घकालीन विदारणातून जांभा तयार झाला. जांभ्याच्या सपाट माथ्याला स्थानिक लोक ‘सडा’ म्हणतात. उन्हाळ्यात करपलेला व ओसाड दिसणारा सडा पावसाळ्यात लहान रानफुलांनी भरून जातो. सड्याच्या उतारावर आंबा व काजू, त्याखाली वहाळाच्या पाण्यावर पोसलेल्या नारळ-सुपारीच्या वाड्या, मग सुरूचे बन आणि शेवटी पुळण अशी गावाची उतरती रचना आहे. जांभ्याच्या चिऱ्यांची घरे, गडगे आणि पायऱ्यांच्या पाखाड्या हेही याच भूरूपाचे देणे होय. सड्यावरून पुळणीपर्यंत पायी उतरले असता एका तासाच्या आत कोकणची संपूर्ण भूरचना नजरेखालून जाते. वेळासमधील पहिली भ्रमंती हीच असावी.

पुळण ही स्थिर वस्तू नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पावसाळ्यातील प्रचंड लाटा किनाऱ्यावरील वाळू ओढून नेतात व ती उथळ समुद्रात साठते. पावसाळा सरल्यावर शांत लाटांबरोबर ती हळूहळू परत येते आणि पुळण पुन्हा भरते. पुळणीच्या वरच्या अंगास जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिला मराठीत ‘मर्यादवेल’ असे अर्थपूर्ण नाव आहे. नित्याच्या भरतीचे पाणी सहसा जिच्या पलीकडे जात नाही अशी ही वेल उडती वाळू धरून ठेवते. सुरूची लागवडही वाळू व वारा अडविण्यासाठीच केली जाते. मात्र ती भरतीरेषेच्या फार जवळ आल्यास कासवांना अंडी घालण्यासाठी लागणारी मोकळी वाळू कमी होते. अशा एका साध्या निरीक्षणातूनही किनारा राखण्याच्या दोन चांगल्या हेतूंमध्ये संघर्ष कसा उद्भवतो, हे विद्यार्थ्यांना दाखवून देता येते.

२. कासवांची वीण : एक निसर्गव्यवहार

वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास येणारे कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले होय. समुद्री कासवांमधील हे सर्वांत लहान जातींपैकी एक असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे या कासवाच्या हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. कोकणात असे सामूहिक आगमन होत नाही. येथे मादी एकेकटी, बहुधा रात्रीच्या वेळी येते. त्यामुळे कोकणातील वीण दीर्घकाळ अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिली.

भरतीरेषेच्या वर आल्यावर मादी मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते. त्यात साधारणतः शंभर ते सव्वाशे अंडी घालून ती वाळू लोटते, अंगाच्या भाराने ती दाबून बसविते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांची तिला पुढे कोणतीही काळजी घ्यावी लागत नाही. उबवण्याचे काम वाळूची उष्णता करते. यास सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू उबदार असल्यास हा काळ कमी होतो, थंड असल्यास वाढतो.

पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूचे तापमानच ठरविते. सुमारे २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्हींचे प्रमाण समतोल असते. त्याहून अधिक उष्णतेत माद्या, तर कमी उष्णतेत नर अधिक निपजतात. जागतिक तापमानवाढीचा विचार करताना ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. तापमानातील अल्पशा बदलानेही एखाद्या प्रजातीच्या पुढील पिढीची घडण बदलू शकते, याचे याहून सुबोध उदाहरण वर्गात देता येणार नाही.

वाळूतून वर आलेली पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने धाव घेतात. मानवी वस्ती नसलेल्या किनाऱ्यावर रात्री समुद्राची बाजू जमिनीच्या काळोखापेक्षा उजळ असते, म्हणून ही प्रेरणा त्यांना पाण्याकडे नेते. किनाऱ्यालगत विजेचे प्रखर दिवे असतील तर हीच प्रेरणा त्यांना उलट दिशेस, मृत्यूकडे नेते. समुद्रात गेल्यावरही मासे व पक्षी यांच्या तडाख्यातून फारच थोडी पिल्ले वाचतात. हजारात एखादेच प्रौढावस्थेस पोहोचते, असा सर्वसाधारण अंदाज सांगितला जातो. प्रौढ कासवालाही श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते. त्यामुळे मासेमारीच्या जाळ्यात अडकून ते गुदमरून मरण्याचा धोका सतत असतो.

कोकणातील ही कासवे पुढे कोठे जातात, याविषयी अलीकडे काही उजेड पडला आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे एका मादीच्या पाठीवर उपग्रह संदेशयंत्र बसविण्यात आले व तिला ‘प्रथमा’ असे नाव देण्यात आले. त्या हंगामात कोकण किनाऱ्यावर अशा पाच माद्यांचा माग घेण्यात आला. २०२३ मध्ये गुहागर येथे संदेशयंत्र बसविलेली ‘बागेश्री’ ही मादी श्रीलंकेपर्यंत गेल्याचे आढळले. तसेच २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचे समूह पूर्णतः वेगळे आहेत, ही धारणा त्यामुळे तपासून पाहावी लागणार आहे. वेळासमधील एका घरट्याच्या राखणीचा संबंध असा साऱ्या द्वीपकल्पाच्या समुद्राशी पोहोचतो.

३. राखणीची व्यवस्था आणि कासव महोत्सव

चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते २००२ साली समुद्रगरुडाच्या सर्वेक्षणानिमित्त या किनाऱ्यावर आले असता त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली. अंडी खाण्यासाठी वा विकण्यासाठी खणून नेली जात असल्याचे त्यांच्या लक्षात आले. संस्थेने गावकऱ्यांशी संवाद साधून घरट्यांच्या संरक्षणाचे काम त्याच हंगामात सुरू केले. पुळणीची व घरट्यांची ओळख असलेल्या गावातील माणसांनाच राखणीचे काम मिळाले, ही या प्रयत्नातील सर्वांत दूरदृष्टीची बाब म्हणावी लागेल. २००६ साली पहिला कासव महोत्सव भरला. पुढे वनविभाग, कांदळवन प्रतिष्ठान, ग्रामपंचायत आणि ‘कासवमित्र’ म्हणून काम करणारे ग्रामस्थ यांच्या सहभागातून ही व्यवस्था स्थिरावली. अंजर्ले व गुहागर यांसारख्या अन्य किनाऱ्यांवरही अशाच प्रकारचे काम उभे राहिले.

राखणीची पद्धत साधी, पण कष्टाची आहे. विणीच्या हंगामात, म्हणजे साधारणतः नोव्हेंबरपासून, कासवमित्र पहाटेच्या अंधारात पुळण पायी तपासतात. मादीच्या येण्या-जाण्याच्या खुणांवरून घरटे शोधले जाते. कुत्रे, कोल्हे, रानडुकरे व माणसे यांच्यापासून धोका असल्यास अंडी काळजीपूर्वक काढून कुंपण घातलेल्या जागेत, मूळ घरट्याइतक्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवली जातात. हे काम त्वरेने व अंडी उलटसुलट न होऊ देता करावे लागते, कारण अंड्यातील गर्भ काही तासांनंतर कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो आणि मग अंडे फिरल्यास तो दगावतो. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी ठेवतात.

महोत्सवाच्या काळात सकाळी सुमारे सात वाजता व सायंकाळी सहाच्या सुमारास या टोपल्या उचलल्या जातात. पिल्ले वर आलेली असल्यास त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात आणि ती स्वतः चालत समुद्रात जातात. त्यांना हाताने थेट पाण्यात सोडले जात नाही. वाळूवरून चालण्याच्या या प्रवासात जन्मकिनाऱ्याची काही खूण त्यांच्यावर उमटत असावी, असे अभ्यासक मानतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. टोपलीखाली पिल्ले असतीलच असे नाही. एखादा संपूर्ण दिवस एकही पिल्लू बाहेर न येता जातो. दूरवरून आलेल्या पर्यटकांची अशा वेळी निराशा होते आणि ती कासवमित्रांवर व्यक्तही होते. वास्तविक, ठरलेल्या वेळी हमखास पिल्लू दाखविणे ही ज्या दिवशी गावाची गरज बनेल, त्या दिवशी पिल्लांना थांबवून ठेवण्याचा मोह निर्माण होईल. वाळूतून वर आलेल्या पिल्लाजवळ पहिल्या प्रवासापुरतीच शिदोरी असते. त्याला खोळंबून ठेवणे म्हणजे ती शिदोरी काठावरच संपविणे होय. म्हणून रिकामी टोपली पाहून शांतपणे परतणारा पाहुणा हा या व्यवस्थेचा खरा सहायक आहे.

४. ऐतिहासिक स्थळे

वेळास हे नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव होय. बाळाजी जनार्दन भानू तथा नाना फडणवीस यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे व मृत्यू १३ मार्च १८०० रोजी पुणे येथे झाला. गावात त्यांचे स्मारक आहे. खाडीपलीकडील श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचे गाव. सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथ खाडी ओलांडून वेळासच्या भानू बंधूंकडे आले व पुढे ते एकत्रितपणे घाटावर गेले, असे इतिहासकार सांगतात. खाडीच्या दोन तीरांवरील या स्नेहाचा परिणाम अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत मराठी राज्याच्या कारभारावर राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हेही याच मंडणगड तालुक्यात आहे. वेळासला जाणाऱ्या शैक्षणिक सहलीने आंबडवे टाळून पुढे जाऊ नये.

बाणकोटचा किल्ला खाडीच्या मुखावर टेकडीवर उभा आहे. जांभ्याच्या चिऱ्यांची तटबंदी, बुरूज व खंदक यांमुळे तो अभ्यासण्यास सुटसुटीत आहे. आंग्र्यांच्या काळात त्यास हिंमतगड असे नाव होते. पेशवे व इंग्रज यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध संयुक्त मोहीम काढली, त्या वेळी एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्गापाठोपाठ हा किल्ला हस्तगत केला. ऑक्टोबर १७५६ मधील तहान्वये इंग्रजांनी विजयदुर्ग मराठ्यांना द्यावा व त्याबदल्यात बाणकोट आणि काही गावे स्वतःकडे ठेवावीत, असे ठरले. इंग्रजांनी किल्ल्यास फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिले. पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिण कोकणच्या जिल्ह्याचे पहिले मुख्य ठाणे बाणकोट येथेच होते. १८२२ साली ते रत्नागिरीस हलविण्यात आले.

तटावर उभे राहिले की या साऱ्या घडामोडींचे कारण डोळ्यांसमोर येते. एका बाजूस खुला समुद्र, दुसऱ्या बाजूस महाडपर्यंत आत गेलेला जलमार्ग आणि समोर हरिहरेश्वरचा डोंगर दिसतो. घाटाकडे जाणाऱ्या व्यापाराचे हे दार होते आणि ज्याच्या हाती दार, त्याच्या हाती जकात. पुस्तकातील तहाची कलमे येथे नकाशासारखी वाचता येतात.

५. भरती-ओहोटी आणि परिसरातील भ्रमंती

वेळासच्या आसपासची भ्रमंती घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर अवलंबून असते. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरील जुनी माणसे यासाठी एक सोपा हिशेब वापरतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ याप्रमाणे ही वेळ येते. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरती अधिक वर चढते व ओहोटी अधिक खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असते व हा फरक कमी होतो.

हा हिशेब सहलीच्या आखणीस थेट उपयोगी पडतो. पौर्णिमेच्या आसपास सकाळ-संध्याकाळी ओहोटी असल्याने टोपल्या उचलण्याच्या वेळी पुळण रुंद असते व समूहास पिल्लांपासून दूर उभे राहण्यास पुरेशी जागा मिळते. अष्टमीस याच वेळी भरती असते व जागा आकसते. अशा वेळी समूह लहान असणेच इष्ट होय. उलट, एकादशीच्या सुमारास ओहोटी दुपारी दोन-अडीचला येते. त्यामुळे सकाळी वेळासचा किनारा पाहून, फेरीबोटीने खाडी ओलांडून, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करता येते.

हरिहरेश्वर येथे काळभैरव व हरिहरेश्वर यांची मंदिरे आहेत आणि डोंगराला वळसा घालणारा प्रदक्षिणामार्ग समुद्रालगतच्या कातळावरून जातो. लाटांच्या आघाताने कापला गेलेला सपाट कातळमंच आणि कड्यावरील मधाच्या पोळ्यासारखी जाळी ही येथील वैशिष्ट्ये होत. लाटांचे तुषार खडकाच्या छिद्रांत शिरतात, पाणी आटून मिठाचे स्फटिक वाढतात आणि ते खडकाचे कण सुटे करतात. या क्रियेतून ही जाळी घडते. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील चित्रे येथे प्रत्यक्ष दिसतात. मात्र हा मार्ग केवळ ओहोटीच्या वेळीच, स्थानिकांना विचारूनच घ्यावा. उधाणात व पावसाळ्यात तो जीवघेणा ठरतो.

दक्षिणेकडे भारजा नदीच्या मुखाजवळ केळशी आहे. तेथील महालक्ष्मीचे मंदिर व याकूबबाबांचा दर्गा प्रसिद्ध आहेत. किनाऱ्यावरील वाळूची उंच टेकडी अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय ठरली असून, तिच्या थरांचा संबंध प्राचीन त्सुनामीशी असावा असे मत काही संशोधकांनी मांडले आहे. त्यापुढे अंजर्ले येथील कड्यावरचा गणपती, हर्णै बंदरातील मासळीचा लिलाव व समुद्रातील सुवर्णदुर्ग ही स्थळे येतात. कड्यावरून सुवर्णदुर्ग पाहिल्यावर बाणकोटचा १७५५ मधील इतिहास पुन्हा जुळवून घेता येतो.

पक्षिनिरीक्षकांसाठी हिवाळा हा उत्तम काळ आहे. पुळणीवर व खाडीकाठी चिखल्या, कुरव इत्यादी स्थलांतरित पक्षी दिसतात. समुद्रगरुड उंच झाडावर घरटे करतो व तेच घरटे डागडुजी करून अनेक वर्षे वापरतो. अशा झाडाजवळ गोंगाट वा छायाचित्रणासाठी गर्दी करू नये.

६. पर्यटन आणि गावाचे अर्थकारण

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण ११२२ होते. मुंबईकडे होणाऱ्या पुरुषांच्या स्थलांतराचे प्रतिबिंब या आकड्यांत दिसते. अशा प्रदेशात घरी राहून, विशेषतः स्त्रियांना, रोख उत्पन्न मिळण्याची सोय ही लहान बाब नव्हे. वेळासमध्ये पर्यटकांची सोय मुख्यतः गावातील घरांतून होते. पाहुणा पडवीत झोपतो, घरचे जेवण जेवतो आणि त्याने दिलेला पैसा त्याच घरात राहतो. कासवाच्या अंड्यातून पूर्वी मिळणाऱ्या किरकोळ लाभापेक्षा जिवंत पिल्लामुळे मिळणारे उत्पन्न अधिक व सन्मानाचे आहे, हे गावाने अनुभवले. संरक्षण टिकण्यामागे निसर्गप्रेमाइतकाच हा व्यवहारही आहे व तो मान्य करण्यात काही गैर नाही.

परंतु ही व्यवस्था नाजूक आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या वाड्यांची अपरिमित हानी केली. नारळ-सुपारीची नवी झाडे उत्पन्न देईपर्यंत अनेक वर्षे जातात, त्यामुळे अशा काळात पाहुण्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावरील भार वाढतो. भार वाढला की पाहुणे अधिक हवेसे वाटतात, आणि पाहुणे अधिक झाले की दिवे, वाहने, ध्वनिक्षेपक व प्लॅस्टिक पुळणीपर्यंत पोहोचतात. जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार कासवांच्या विणीची ठिकाणे सर्वाधिक संवेदनशील वर्गात मोडतात. कायद्याचे हे कवच महत्त्वाचे आहेच. तथापि, रात्री मोटारीचे दिवे पुळणीकडे वळविणाऱ्या पाहुण्यास प्रत्येक वेळी कायदा थांबवू शकत नाही. तेथे गावाचा शब्द आणि पाहुण्याची समज हीच उपयोगी पडते.

७. महाविद्यालयीन सहलीसाठी काही सूचना

आपल्या महाविद्यालयांच्या सहली बहुधा एकाच मोठ्या गाडीतून, दोन दिवसांत शक्य तेवढी स्थळे उरकण्याच्या हेतूने निघतात. वेळाससाठी ही पद्धत अयोग्य आहे. पन्नास विद्यार्थी एकाच वेळी दोरीपाशी उभे राहिले तर पहिल्या रांगेतील दहा जणांनाच पिल्लू दिसते व उरलेले पुढे रेटतात. त्याऐवजी पंधरा-वीस विद्यार्थ्यांचे गट करून एक गट किनाऱ्यावर, एक सड्यावर व एक बाणकोटला अशी आळीपाळीने योजना करावी.

प्रत्येक विद्याशाखेस येथे काम आहे. भूगोलाचे विद्यार्थी दोन काठ्या व दोरीच्या साहाय्याने पुळणीचा उतार मोजू शकतात. हेच मोजमाप पावसाळ्यापूर्वी व नंतर केल्यास वाळूच्या ये-जा करण्याची नोंद तयार होते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना बाणकोटच्या तटबंदीचा आराखडा काढता येईल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, कुटुंबांची संमती घेऊन व नावे गुप्त ठेवून, घरगुती निवासव्यवस्थेचा हंगामी जमाखर्च समजून घेता येईल. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात ‘बाणकोटी’ या बोलीची स्वतंत्र नोंद आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी शेती, मासेमारी, वारा व भरती-ओहोटी यांविषयीचे या परिसरातील शब्द संकलित करावेत. ते शब्द जाणणारी पिढी वृद्ध होत आहे.

किनाऱ्यावरील नियम निघण्यापूर्वीच वर्गात समजावून द्यावेत. रात्री परवानगीशिवाय पुळणीवर जाऊ नये. विजेरी व भ्रमणध्वनीचा प्रकाशझोत वापरू नये. पिल्लांना स्पर्श करू नये. दोरी ओलांडू नये. वाळूत खड्डे करून ठेवू नयेत, कारण पिल्लू त्यात पडले तर बाहेर येऊ शकत नाही. आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा. शिक्षकाने स्वतः या नियमांतून सूट घेऊ नये, हे वेगळे सांगावयास नको. सहलीत केलेल्या नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. गाव अभ्यासकांना माहिती देते, परंतु त्या माहितीचे पुढे काय झाले हे गावास क्वचितच कळते.

समारोप

वेळास परिसरातील नदी, खाडी, पुळण, वाडी, सडा, किल्ला व कासव ही स्वतंत्र स्थळे नसून एकाच रचनेची अंगे आहेत. सावित्रीच्या मुखाने बाणकोटला महत्त्व दिले, पुळणीने कासवांना आश्रय दिला आणि कासवांच्या राखणीने गावाला उत्पन्नाचे एक नवे साधन मिळाले. ही साखळी गेल्या दोन दशकांत ग्रामस्थांच्या श्रमांतून उभी राहिली आहे. तिची सर्वांत कच्ची कडी आता बाहेरून येणारा पाहुणा ही आहे. दरवर्षी येणाऱ्या पाहुण्यांमध्ये आपल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी असतात, त्यामुळे या कडीची जबाबदारी काही अंशी आपल्याकडे येते. पुढील हंगामाची सहल ठरविताना विद्यार्थ्यांची संख्या, भरतीचे वेळापत्रक आणि रिकाम्या टोपलीची शक्यता या तीन बाबी आधी विचारात घेतल्या, तर ती जबाबदारी पार पाडण्यास आरंभ झाला असे म्हणता येईल.